गाडीखालचा नंबर

“सही हिची लागती,” मागच्या दारातून येतायेताच हे मेहरूनला सांगत होते. “जागा हिच्या नावावर हाय. माझ्या नावावर फक्त सायकल.”

मी धुण्याच्या दगडापाशी बसले होते, हात कोपरापर्यंत साबणाने भरलेले. ह्यांच्या हातात जपून धरलेला स्टँपपेपर आणि मागे दस्तगीरभाई नदाफांची थोरली मुलगी मेहरून, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी. मागणं काय आहे ते मला आदल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि नाही म्हणायचं हेही मी ठरवून ठेवलं होतं.

दस्तगीरभाई आणि आमचे हे आरटीओ कचेरीच्या फाटकासमोर पत्र्याच्या एकाच शेडमध्ये टेबलाला टेबल लावून बसत. कुणी जुनी गाडी घेतली की ती त्याच्या नावावर करून द्यायची, त्यासाठी कागद भरायचे आणि साहेबापुढे न्यायचे, हा दोघांचा धंदा. दस्तगीरभाई त्या उन्हाळ्यात अचानक गेले. शेवटी शेवटी त्यांना नीट दिसत नव्हतं, सगळे कागद मेहरूनच भरायची आणि ते नुसती सही करायचे. घरात आई आणि दोन धाकट्या बहिणी. वडिलांचं टेबल तिला मिळालं तर त्यांचं घर चालणार होतं, नाहीतर नाही.

पण एजंटांच्या मंडळाचा एक नियम होता. नव्या माणसाला शेडमध्ये टेबल हवं असेल तर घरदार असलेल्या कोणीतरी त्याला जामीन राहायचं. त्याच्या हातून कुणाच्या गाडीचं नुकसान झालं आणि त्याला भरून देता आलं नाही, तर ते जामिनाने भरून द्यायचं, असं स्टँपपेपरवर लिहून. पुरुष मंडळी एकमेकांना हसतहसत जामीन राहिलेली होती. मेहरूनला मात्र कोणी राहीना. पोरगी उद्या लग्न होऊन जाईल, मग मागे निस्तरायचं कुणी, असं सगळे म्हणायचे. तिच्या सख्ख्या मामांनीसुद्धा हात झटकले होते.

आमचं घर आणि पुढची मोकळी जागा माझ्या वडिलांनी माझ्या नावावर करून दिलेली. वडिलांचा जावयावर जीव होता, विश्वास नव्हता. रोज दुसऱ्यांच्या गाड्या दुसऱ्यांच्या नावावर करणारा माणूस, ते म्हणायचे, उद्या तुझी जागा कुणाच्या नावावर करील नेम नाही. घर दोनच खोल्यांचं. पण पुढची जागा रस्त्याला लागून होती आणि तिथे मला पीठगिरण घालायची होती. आमच्या भागातल्या बायका दळणाचे डबे डोक्यावर घेऊन पार पेठेपर्यंत जायच्या, ते मी रोज दारात उभी राहून बघायची. गिरण कुठे बसवायची, पट्टा कुठल्या बाजूला, बायकांना बसायला बाकडं कुठे, सगळं माझ्या डोक्यात पक्कं होतं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मनात रोज घोळवायला ती एक गिरण होती.

मी ह्यांना आत बोलावून जे काय बोलायचं ते बोलले. माझ्या जागेवर डोळा ठेवायचं काही कारण नाही, असंही बोलले. हे भिंतीला टेकून ऐकत राहिले. ह्यांना भांडता येत नाही, हीच माझी आयुष्यभराची तक्रार. शेवटी एवढंच म्हणाले, “दस्तगीर असता तर माझ्या माघारी तुला जामीन राहिला असता.” त्यावर मी तरातरा परत परसात आले.

तर मेहरूनने राहिलेलं सगळं धुणं उरकलं होतं. पिळून, झटकून दोरीवर टाकलं होतं. ह्यांचे शर्ट तिने उलटे करून वाळत घातले होते, उन्हाने रंग उडू नये म्हणून, मी घालते तसेच. ते बघून मला बरंही वाटलं आणि रागही आला. दुसऱ्या बाईने आपल्या नवऱ्याचे शर्ट वाळत घातलेले कुणाला आवडतात. पोरगी मान खाली घालून म्हणाली, “काकी, मनाविरुद्ध नका करू सही. मी बघीन दुसरीकडं कुठं जमतंय का.”

दुसरीकडे कुठे जमणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी हात पुसले आणि सही केली. ‘मालन भगवान वाघमोडे’ असं पूर्ण नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत तो कागद मी ह्यांच्या हातात दिला नाही.

मेहरूनचं बस्तान लवकर बसलं. अक्षर सुरेख, कागदात खाडाखोड नाही, आणि कुणाचं काम लांबलं तर ती स्वतःहून निरोप पाठवायची. अडचण एकच होती. गाडी नावावर करायची तर अर्जासोबत चेसिस नंबरची प्रिंट लावावी लागे. चेसिस नंबर म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी पट्टीवर ठोकलेला नंबर. त्याच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की नंबर कागदावर उमटतो, लहान मुलं नाण्यावर कागद ठेवून घासतात तसा. त्यासाठी गाडीखाली आडवं व्हावं लागतं. कागदावर प्रिंट आहे म्हणजे कुणीतरी खाली जाऊन डोळ्यांनी नंबर वाचलेला आहे, असं सगळे धरून चालायचे. आता भर रस्त्यात, चार ड्रायव्हर तंबाखू मळत उभे असताना, विशीतल्या पोरीने पाठीवर झोपून टेम्पोखाली सरकायचं कसं? सुरुवातीला ती पहाटे गॅरेजमध्ये जाऊन काढायची. मग आमच्या ह्यांनी ते काम आपल्याकडे घेतलं.

मला ते बिलकूल आवडलं नाही. जेवायला बसले की ह्यांच्या तोंडी मेहरून. मेहरूनने असं केलं, मेहरून तसं म्हणाली. माणूस संसारात पंधरा वर्षं गप्प राहतो आणि मग एकाएकी बोलायला लागतो, तेव्हा बायको कान टवकारतेच. मी वरून काही दाखवत नव्हते, भाकरी मात्र जोरात थापायची.

अशात एक दिवस हे दुपारीच घरी आले. पाठीत उसण भरली होती, वाकतही नव्हते. आल्याआल्या सांगायला लागले की मेहरूनकडे एका टेम्पोचं काम आलंय, टेम्पो मिरज रस्त्याच्या गॅरेजला उभा, पोरीला खाली जाता येईना, मग मीच गेलो आणि प्रिंट काढून दिली. मी ह्यांचा शर्ट उतरवून घेतला आणि रॉकेलची बाटली काढली. प्रिंट काढून आले की ह्यांच्या शर्टाच्या पाठीवर ऑइल आणि माती मिळून काळा पट्टा पडलेला असायचा. तो आधी रॉकेलने सोडवायचा, मग साबण, हे माझं ठरलेलं काम.

दगडावर शर्ट उलगडला. पाठ स्वच्छ होती. काखेत घाम होता, कॉलर मळली होती, पाठीवर मात्र ठिपकासुद्धा नव्हता.

मी शर्ट उलटापालटा करून पुन्हा बघितला. म्हणजे हे गाडीखाली गेलेच नव्हते. मग दुपारपर्यंत होते कुठे, आणि माझ्याशी खोटं कशाला बोलले? उत्तर मी माझं मीच शोधून काढलं आणि ते गोड नव्हतं. विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं आणि ह्यांनी हो म्हटलं तर काय करायचं? मी तो शर्ट धुतला, इस्त्री केली, आणि त्या दिवसापासून ह्यांच्याशी तुटक वागायला लागले. आमटीत मीठ कमी पडायला लागलं. हे बिचारे मुकाट जेवायचे. ह्यांना वाटलं, जामिनाच्या सहीचा राग अजून गेला नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी दारात एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला टापरं, हातात चिरमुऱ्याची पिशवी. त्याने आपलं नाव सिद्राम ऐवळे सांगितलं. त्याची चिरमुऱ्याची भट्टी होती, आणि चिरमुऱ्याची पोती बाजाराच्या गावांना पोचवण्यासाठी त्याने जुना टेम्पो घेतला होता. पिशवी माझ्यापुढे ठेवून म्हणाला, रिकाम्या हातानं कसं यायचं कुणाच्या दारात. मग उंबऱ्यावरच बसला आणि सांगायला लागला.

टेम्पो त्याने नंदू नावाच्या दलालाकडून घेतला. कागद मेहरूनने केले, टेम्पो सिद्रामच्या नावावर झाला, त्याने पुढच्या काचेवर देवीचं नावही लिहून घेतलं. आणि आठ-पंधरा दिवसांपूर्वी नाक्यावर पोलिसांनी अडवून गाडीखाली बॅटरी मारली, तर खालचा नंबर निराळाच. टेम्पो चोरीचा निघाला. नंदूने भंगारात गेलेल्या एका टेम्पोचे कागद जपून ठेवले होते, त्याच रंगाच्या चोरीच्या टेम्पोला त्याची नंबरप्लेट लावली आणि सिद्रामच्या गळ्यात मारला. खऱ्या मालकाने टेम्पो नेला. नंदू पळाला.

“कागद बगूनच घेतला वो मी,” सिद्राम म्हणाला. “एजंटानं खालचा नंबर बघितलाय म्हंटल्यावर आमच्यासारख्यानं आनि काय बगायचं? बायकूच्या अंगावरचं समदं गेलं त्यात. आता सायकलीवर दोन पोती बांदून फिरतुय. मंडळात गेलो तर म्हनले, त्या पोरीला जामीन हाय, वाघमोडेवैनी. म्हनून आलो.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मला उलटं ओरडता आलं असतं. तो नुसता बसून राहिला, आणि मी त्याला चहा केला. चहा ओतताना मला माझी पुढची जागा दिसत होती, आणि तिथली गिरण, जी अजून बसलेलीच नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब चौगुले संध्याकाळी घरी आले. मोठा समजूतदार माणूस, सगळ्यांची सोय बघणारा. त्यांनी मला वाट दाखवली. एजंटाने गाडी न बघता, जामिनाला अंधारात ठेवून काम केलं असेल, तर जामीन मोकळा, असा नियम होता. रविवारी बैठक घेऊ, म्हणाले, तिथे वहिनींनी एवढंच सांगावं की पोरीनं आमच्या माघारी गैर काम केलं, म्हणून मी जामीनकी काढून घेते. मेहरूनचं टेबल जाईल, ते तर जाणारच. ऐवळेला मंडळ काहीतरी गोळा करून देईल. वाघमोड्यांचं घर वाचेल.

हे दाराशी उभे राहून ऐकत होते. चौगुले गेल्यावर मी विचारलं, काय करू? हे म्हणाले, तुझी जागा, तू ठरव. आणि जेवायला न थांबता बाहेर निघून गेले. मला वाटलं, पोरीचं टेबल जाणार म्हणून ह्यांचं तोंड उतरलं. माझं घर जायची वेळ आली आणि माझ्या नवऱ्याला काळजी तिच्या टेबलाची. तेव्हाच मी ठरवलं. रविवारी उभी राहीन आणि चौगुल्यांनी सांगितलंय तेच बोलीन.

बैठकीच्या दिवशी सकाळीच मेहरून आली. परसातूनच आली, पहिल्या दिवशी आली होती तशी. चेहरा पार उतरलेला, पण डोळे कोरडे.

“काकी, तुमी जामीन काढून घ्या,” म्हणाली. “माझी काय तक्रार न्हाई. चूक माझी हाय.”

मी म्हटलं, चूक तुझी आहे हे मला कळतं, ते सांगायला यायची गरज नव्हती. तिने मान हलवली. मग जाता जाता वळून म्हणाली, “काकांना काय बोलू नका. त्यांच्या जिवाला लागलंय.” मी मनात म्हटलं, बघा, आता हिने मला सांगायचं, माझ्या नवऱ्याशी कसं वागायचं ते.

रविवारी कचेरी बंद. शेडमधली टेबलं भिंतीला सरकवून मध्ये सतरंजी घातलेली. एजंट मंडळी बसलेली, एका कडेला सिद्राम, टापरं काढून मांडीवर ठेवलेलं. मला मान म्हणून खुर्ची दिली. हे समोर, खांबाला टेकून, आपल्या चपलांकडे बघत. मेहरून एकटी उभी होती. तिला बस असं कुणी म्हटलं नाही आणि ती बसलीही नाही.

चौगुल्यांनी सगळी हकीगत पुन्हा सांगितली, टेम्पो मिरज रस्त्याच्या गॅरेजला उभा होता तिथपासून. मग तिला विचारलं, “मेहरून, ह्या टेम्पोची चेसिस प्रिंट कुणी काढली?”

“मी.”

“गाडीखाली गेली होतीस?”

“गेले होते.”

“मग निराळा नंबर दिसला कसा न्हाई?”

“न्हाई दिसला,” ती म्हणाली. “माझं चुकलं.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. मिरज रस्त्याच्या गॅरेजला उभा असलेला टेम्पो. मीच गेलो आणि प्रिंट काढून दिली, असं हे मला त्या दुपारी स्वतःच्या तोंडाने सांगत आले होते. मग पोरगी मी काढली का म्हणते आहे? आणि एवढा मोठा आरोप तिच्यावर येत असताना हे चपलांकडे का बघतायत?

मग मला ती स्वच्छ पाठ आठवली.

ह्यांच्या टेबलाच्या खणात पत्र्याचा एक डबा असायचा. एखाद्या गाडीची प्रिंट काढायला खाली गेलं की हे एकाऐवजी तीन-चार काढून आणायचे. तीच गाडी पुढे कधी परत विकायला आली तर पुन्हा मातीत लोळायला नको. शेडमधले सगळेच तसं करायचे. नंबर तोच, गाडी तीच, म्हणायचे, लोखंडावरचा नंबर काय पळून जातो? आणि त्या दिवशी ह्यांच्या पाठीत उसण भरली होती.

कुणीच गाडीखाली गेलं नव्हतं. पोरगीही नाही आणि हेही नाहीत. भंगारात गेलेल्या टेम्पोची जुनी प्रिंट डब्यातून निघाली होती. मी एवढे महिने ज्या शर्टावरून मनात जळत होते, तो शर्ट मला वेगळंच काही सांगत होता, आणि मी आमटीत मीठ कमी घालत बसले होते. मला हसू येईल की रडू येईल तेच कळेना.

“वैनी,” चौगुले म्हणाले, “तुमचं काय म्हणणं? सांगताय ना?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खुर्चीवरून उठले. जे बोलायचं ठरवून आले होते ते तोंडाशी होतं. एक वाक्य बोलले असते तर माझी जागा सुटत होती, आणि ह्यांचं नावही कुणी घेणार नव्हतं, कारण ज्या पोरीला ते माहीत होतं तिनेच ते गिळून टाकलं होतं. पण ते वाक्य तोंडाबाहेर पडेना, आणि चौघांत उठून नवऱ्याचं नाव घ्यायलाही माझी जीभ रेटेना. मी ह्यांच्याकडे वळले.

“अहो,” मी म्हटलं, “त्या दिवसाचा तुमचा शर्ट मी धुतला होता.”

शेडमध्ये कुणाला काही समजलं नाही. चौगुले गोंधळून म्हणाले, वैनी, इथं शर्टाचं काय? कुणीतरी हसलं. मी ह्यांच्यावरची नजर काढली नाही. हे एवढा वेळ चपलांकडे बघत होते, त्यांनी मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. संसारात ह्यांचं काही अडलं की मी पुढे व्हायची, माझी सवयच होती ती. त्या क्षणी मी पुढे झाले नाही. जीव मुठीत धरून नुसती वाट बघत राहिले. हे बोलले नसते, तर मी काय केलं असतं ते मला आजही सांगता येत नाही.

हे खांबाला धरून उठले.

“पोरगी खोटं बोलतीया,” म्हणाले. “ती गाडीखाली गेली न्हाई. मीबी गेलो न्हाई. पाठ धरली हुती, जाववेना. ह्या नंबरच्या टेम्पोचं काम मागं माझ्याच हातनं झाल्तं, त्याची प्रिंट डब्यात पडली हुती. तिला म्हटलं, काढून आनली, लाव. तिनं माझ्यावर इस्वास ठेवला. तिला म्हाईत न्हवतं. पोलिसांनी टेम्पो धरल्यावर मी तिला खरं काय ते सांगितलं, तर म्हनली, काका, तुमी काय बोलू नका.” मग सिद्रामकडे बघून हात जोडले. एवढं लांब ह्यांना एका दमात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

एकदोघांची नजर भिंतीला सरकवलेल्या टेबलांकडे गेली. डबा तर प्रत्येकाच्याच खणात होता. चौगुल्यांनी दोनदा घसा खाकरला आणि म्हणाले, मग आता पोरीचा जामीन राहतच नाही, प्रकरण वाघमोड्यांचं झालं, तेव्हा वैनींनी...

“जामीन राहतो,” मी म्हटलं. “अर्जावर एजंटाचा शिक्का मेहरूनचा आहे आणि जामिनावर सही माझी आहे. ऐवळेंना टेम्पो मिळेल.”

सिद्राम मांडीवरचं टापरं उचलून त्यात तोंड लपवून रडायला लागला. मला वाटतं त्याला एवढ्या लवकर कुणी हो म्हणेल असं वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मेहरून माझ्या मागे मागे चालत होती. मी थांबून तिला विचारलं, का गं, ह्यांचं नाव का घेतलं नाहीस? आई आहे, बहिणी आहेत, टेबल गेलं असतं तर काय खाल्लं असतं?

ती म्हणाली, “तुमी मला जामीन राहिला, काकी. मी काकांना राहिले.”

मी तिला जवळ घेतलं. रस्त्यातच, लोक बघत असताना. ह्या पोरीबद्दल मनात काय काय आणलं होतं मी, आणि ती तिकडे माझं घर सांभाळत होती.

पुढची जागा मी विकली. सिद्रामला टेम्पो आला. तो घेताना हे स्वतः खाली गेले, मी बाजूला उभी होते, आणि ह्यांनी नंबर खालून मोठ्याने वाचला आणि मेहरूनने कागदावर जुळवून बघितला. माझ्या त्या जागेवर पुढे औषधांचं दुकान झालं, नंतर मोबाइलचं झालं. गिरण काही झाली नाही. कधीकधी दळणाचा डबा घेऊन पेठेकडे जाताना त्या दुकानाच्या पायरीशी माझं पाऊल अडखळायचं. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. सिद्राम दर दिवाळीला चिरमुऱ्याचं पोतं आणून टाकतो. पोतं, पिशवी नव्हे. दोन माणसांनी एवढे चिरमुरे खायचे कसे, हा विचार त्याने आजवर केलेला नाही.

मंडळाने ह्यांचं टेबल काढलं. डबे मात्र सगळ्यांनीच गुपचूप रिकामे केले असं कानावर आलं. हे काही दिवस घरातच बसून राहिले. पेपर तोच तोच वाचायचे. मग एका सकाळी मेहरून मागच्या दाराने आली आणि म्हणाली, “काका, मला प्रिंट काढायला मानूस पायजे. गाडीखाली जाणारा.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जा की, मला काय विचारता.

त्या संध्याकाळी हे आले ते दारात पाठमोरेच उभे राहिले. खांद्यापासून कमरेपर्यंत ऑइलचा काळाकुट्ट पट्टा, त्यात माती, एक वाळलेलं पानही चिकटलेलं. “बघ,” म्हणाले. मी बघितलं. ह्यांचा शर्ट उतरवून घेतला, रॉकेलची बाटली काढली आणि दगडापाशी बसले. खूप घासला, डाग काही पुरता निघाला नाही. मग मी तो पिळला आणि पुढच्या दारातल्या दोरीवर वाळत टाकला, उलटा न करता, पाठ रस्त्याकडे करून.